सस्पेन्शनची विभागीय चौकशी

मराठवाड्याच्या बोलीत 'सस्पेन्शन' हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधी कचेरीच्या दाराने आला. त्यामुळे बीड जिल्ह्यात अमक्याच्या घरी सस्पेन्शनचे काहीतरी निघाले आहे अशी कुणकुण लागली, की ऐकणारा आधी तो तलाठी, ग्रामसेवक की शाखा अभियंता याचा तपास करतो, आणि प्रकरण केवळ चारचाकीचे आहे असे समजल्यावर त्याच्या मुद्रेवर दिलाशाबरोबर थोडी निराशाही उमटते. वास्तविक दोन्ही सस्पेन्शनांची तुलना केली, तर कचेरीतील सस्पेन्शन पुष्कळच सुसह्य ठरते. निलंबित कर्मचाऱ्याला निम्म्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी तीन महिन्यांपलीकडे रेंगाळली आणि त्यात त्याचा दोष नसला तर तो भत्ता वाढूही शकतो, त्याच्यावर नेमका कोणता ठपका आहे हे दोषारोपपत्रात लिहून मिळते आणि बाजू मांडण्याची संधीही दिली जाते. मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये भत्ता मालकाने द्यायचा असतो, ठपका कोणावर हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि एकमेव साक्षीदार, म्हणजे गाडीतून येणारा आवाज, ऐन सुनावणीच्या वेळी फितूर होतो. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने या फितूर साक्षीदाराविषयी आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे इष्ट. सस्पेन्शन म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवलेली मध्यस्थांची फळी होय. खड्ड्याचा दणका आधी स्प्रिंग झेलते. दणका झेलल्यावर ती स्वतःच नाचत राहू नये म्हणून तिच्या जोडीला शॉकअप असतो, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर या लांबलचक नावाचे गॅरेजमधले घरगुती रूप, आणि त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून रेटले जात असताना दणक्याची ताकद उष्णतेत जिरते. चाकाला जागेवर धरून ठेवणारा लोखंडी हात तो लोअर आर्म, आणि लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून त्याच्या सांध्यात बसवलेला रबराचा वेढा तो बुश. गुडघ्यातील कूर्चेचे जे काम तेच बुशचे, आणि माणसाची कूर्चा जशी मुलांची लग्ने उरकली की जाते, तसा बुश हप्ते फिटत आले की जातो. छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांवर स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफलेली जी रचना सर्रास दिसते, ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून ती रुळली. मॅकफर्सनने धारूरचा रस्ता पाहिलेला नव्हता, याचा दोष त्याला देता येणार नाही.

बैलगाडीला यांपैकी काहीच नव्हते. तिचे सस्पेन्शन म्हणजे गाडीवानाचा मणका, आणि तो वॉरंटीत बसतो की नाही असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. मात्र देखभालीची व्यवस्था त्या काळी आजच्यापेक्षा चोख होती असे म्हणण्यास जागा आहे. कारण गावचा सुतार आणि लोहार यांना सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते घातले, की वर्षभर चाक, आरे आणि धाव यांची दुरुस्ती त्यांच्याकडे लागे, आणि आज ज्याला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणून स्वतंत्र पैसे घेऊन विकतात ती ही जुनीच पद्धत होय. फरक इतकाच, की सुतार त्याच रस्त्याने त्याच गाडीतून बाजाराला जात असल्यामुळे खडखडाट त्यालाही ऐकू येई.

बीड जिल्ह्याच्या भूगोलाने मोटारीच्या आजारांची वाटणी मोठ्या न्यायबुद्धीने केली आहे. उत्तरेकडचा गोदाकाठ, ज्याला गंगथडी म्हणतात, तो गेवराई-माजलगावचा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावर अंथरलेले डांबरही हळूहळू तिच्यासारखेच वागू लागते, म्हणून गंगथडीच्या गाडीचे आधी सस्पेन्शन जाते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येणाऱ्या, किंवा धारूरच्या घाटात उसाने शिगोशीग लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमागे जीव मुठीत धरून रांगणाऱ्या गाडीचे आधी ब्रेक जातात. ज्याची नोकरी पाटोद्याला आणि सासुरवाड माजलगावला, त्याचे दोन्ही जाते. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीड शहरातून प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुटली. मधली तीस वर्षे जिल्ह्याच्या मुख्यालयाचा सगळा जाण्यायेण्याचा भार रबरी चाकांवर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जिल्ह्यात ज्योतिषाइतकाच फिटरलाही मान का, हे कळते.

गतिरोधकाचा उल्लेख केल्याखेरीज हे प्रकरण पुरे होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था. तिच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी त्यावरून बिनधोक जाते. गावोगावचा गतिरोधक मात्र मानकातून जन्माला येत नाही. तो अपघातानंतरच्या रास्ता रोकोतून जन्माला येतो, आणि त्याची उंची आंदोलनाच्या तीव्रतेवर ठरते. त्याच्यावर पांढरे पट्टे नसतात. तो कोठे आहे हे पुढच्या सीटवरील माणसाच्या टाळूला कळते.

आता मूळ मुद्दा. बिघाडाची पहिली खबर आवाजाने मिळते, आणि आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा इतकी श्रीमंत आहे की शोरूमचा संगणक तिच्यापुढे दरिद्री ठरतो. मालक सांगतो की डाव्या अंगाने कुटकुट होते, वळणावर कर्रकन वाजते, गतिरोधकावरून उतरताना एकदाच टक् होते आणि खडीवर मात्र खुळखुळा वाजवल्यासारखे वाटते. यांतील प्रत्येक शब्द निदानाच्या दृष्टीने मोलाचा आहे: कुटकुट बहुधा लिंक रॉडची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचा तोल सांभाळणाऱ्या दांड्याच्या जोडणीची; वळणावरची करकर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगची; एकदाच होणारी टक् बुशची किंवा बॉल जॉइंटची; आणि ब्रेक दाबल्यावर चीं झाली तर पॅड झिजल्याची. हे सर्व ऐकून घेणारा सर्व्हिस अॅडव्हायजर, म्हणजे गाडी उतरवून घेणारा आणि मालकाला दिवसभर फोनवर धीर देणारा तरुण, जॉब कार्डावर एकच शब्द टंकतो : 'नॉइज'. जॉब कार्ड हा या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा कागद. गाडीची तक्रार, तपासणी आणि केलेले काम त्यावर नोंदवायचे असते, आणि ज्या भाषेत कुटकुट आणि कटकट यांत मैलाचे अंतर आहे तिचे त्या कागदावर असे सपाटीकरण होते. टंकनानंतर तो नम्रपणे विचारतो, "सर, आणखी काही?" आणि सहा महिन्यांच्या निरीक्षणाची मांडणी एका शब्दात मावलेली पाहून मालकाला आणखी काही आठवत नाही.

यानंतर येते ती ट्रायल. मालक आणि मेकॅनिक यांनी एकत्र गाडीत बसून आवाज ऐकण्याच्या विधीस ट्रायल म्हणतात, आणि तिच्यात आवाज येत नाही हा सृष्टिनियम समजला जातो. याचे गूढ वाटण्याचे कारण नाही. शोरूम नेहमी बाह्यवळणावर किंवा महामार्गालगत बांधलेले असते, म्हणजे जिल्ह्यातील त्यातल्या त्यात गुळगुळीत रस्ता त्याच्या दारातच असतो. शिवाय मेकॅनिक, मालक आणि मागे बसलेला मालकाचा मेहुणा यांच्या वजनाने गाडी किंचित दबते, बुश एका बाजूला चेपून बसतो, आणि सकाळी गारठ्यात कडक झालेले रबर अकराच्या उन्हात मऊ पडलेले असते. थोडक्यात, आवाज न येण्याची सर्व तांत्रिक तयारी झालेली असते. मालक कानाला हात लावून बसतो, जणू काही आत गर्भातील बाळाचे ठोके ऐकायचे आहेत. गाडी दोन किलोमीटर जाते आणि येते.

"सर, आता कुठं आला आवाज?"

"आता नाही आला. पण घरी यायलाय."

"हा जो थोडा यायलाय ना सर, तो नॉर्मल आहे. या मॉडेलला असतोच."

"मग मागच्या साली का नव्हता?"

"तवा गाडी नवी होती, सर."

या संवादातील 'नॉर्मल' या शब्दाने वैद्यकातून गॅरेजात येताना अर्थ बदलला आहे. डॉक्टर नॉर्मल म्हणतो तेव्हा दुखणे नाही असे त्याला म्हणायचे असते. अॅडव्हायजर नॉर्मल म्हणतो तेव्हा दुखणे सर्वांनाच आहे, असे त्याला सुचवायचे असते. बीडच्या ग्राहकाला हा युक्तिवाद पटकन पटतो याचे एक कारण एसटी असावी. दिवा, काच, पत्रा आणि कंडक्टरच्या हातातील पंच यांची एकत्रित खडखड ऐकत ज्याचे कॉलेज झाले, त्याच्या मनात मुळात 'गाडी वाजते' हेच गाडी चालू असल्याचे लक्षण म्हणून ठसलेले असते, आणि स्वतःच्या तक्रारीविषयीच त्याला अधूनमधून शंका येऊ लागते.

शोरूमची बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. गाडी उघडून पाहिल्यावर कित्येकदा आवाज सस्पेन्शनचा नसतोच. वाहनपूजेच्या दिवशी चारही चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घेतात, तिला बिब्बा-मिरचीचा तोडगा बांधतात आणि एक नारळ फोडून दुसरा 'असू द्या' म्हणून सीटखाली ठेवतात. हा दुसरा नारळ पुढे वाळून आतल्या आत सुटा होतो आणि वळणावर डावीकडून उजवीकडे जातो. सैल झालेला जॅक, पाण्याची स्टीलची बाटली, यात्रेहून आणलेला गंगेचा गडू, दाराच्या कप्प्यातील सीताफळाच्या बिया अशा वस्तू सस्पेन्शन म्हणून तपासणीला येऊन गेलेल्या असतात. असा नारळ एकदा हाती लागला, की शोरूमचा त्यानंतरच्या प्रत्येक ग्राहकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कायमचा नारळी होतो.

अॅडव्हायजरची स्थितीही अभ्यासण्याजोगी आहे. ऊसतोडीच्या धंद्यात कारखाना आणि कोयता (कोयता म्हणजे तोडणीला जाणारे नवराबायकोचे एक जोडपे) यांच्यामध्ये जसा मुकादम असतो, तसा कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये हा तरुण उभा असतो; मुकादमाच्या हाती निदान उचल देण्याचा अधिकार असतो, याच्या हाती फक्त टॅबलेट असतो. वॉरंटीत बदललेल्या पार्टचे पैसे कंपनीकडून वसूल करावे लागतात, आणि कंपनीने दावा फेटाळला तर भुर्दंड डीलरला बसतो. म्हणून 'वॉरंटीत बसत नाही' हे वाक्य बऱ्याच वेळा पूर्वसावधगिरीचे असते. कंपनी म्हणते डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, डीलर म्हणतो मंजुरी कंपनीची लागते. यातील पहिल्या म्हणण्यावर सर्वोच्च न्यायालयाचीही एका अर्थाने मोहोर उमटली आहे. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या मॉडेलचे पैसे घेऊन आधीच्या सालची, वापरलेली गाडी दिली गेल्याच्या प्रकरणात, कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असल्याने डीलरच्या कृत्यासाठी कंपनीला त्या परिस्थितीत जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले.

वॉरंटीपत्रकात 'वेअर अँड टेअर' असा एक जोडशब्द असतो, त्याचा अर्थ वापराने होणारी झीज. ब्रेक पॅड, लायनर, पुष्कळदा बुशसुद्धा झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात, आणि त्या झिजल्या तर तो दोष वस्तूचा मानला जात नाही. जी वस्तू झिजत नाही तिला वॉरंटी आणि जी झिजते तिला नाही, या तत्त्वाची तुलना पावसाळ्यात न उघडणाऱ्या छत्रीशीच होऊ शकते. त्यातून गाडीची पाटी एमएच-२३ किंवा अंबाजोगाईची एमएच-४४ असली आणि मालकाने ती पुण्याच्या सर्व्हिस सेंटरात नेली, तर निदान गाडी रॅम्पवर चढण्यापूर्वीच झालेले असते : "तिकडचे रस्ते, सर." तो मालक बीडला परतून हीच गाडी स्थानिक शोरूमला दाखवतो तेव्हा, "पुण्याला चालवली होती का? तिकडं ट्रॅफिकमध्ये ब्रेक लई लागतो," असे उत्तर मिळते.

पार्ट बदलायचा ठरलाच, तर तो 'मागवावा लागतो'. येथून पार्टचा प्रवास सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आणि एरवी त्या अंतरावरून कंदुरीच्या जेवणाला माणसे वेळेवर पोहोचतात, पण लोअर आर्म पोहोचत नाही. बाहेरच्या दुकानात तोच पार्ट मिळत असला तरी तेथे हात लावू दिला तर वॉरंटी जाईल, ही भीती मालकाच्या मनात घातलेली असते. हा प्रश्न बीडपुरता नाही. कंपन्या आपले अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि स्वतंत्र गॅरेजांची अडवणूक करतात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यानंतर अपिलांचा घाट लागला. दंडाच्या आकड्यात किती बुश बसले असते याचा हिशेब करण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

संध्याकाळी गाडी परत मिळते ती धुतलेली. आवाज तसाच असला तरी गाडी इतकी चकचकीत असते की तक्रार उच्चारणे कृतघ्नपणाचे वाटते, आणि काचेवर 'कृपया आपला अनुभव सांगा' असा कागद चिकटवलेला असतो. निरोप देताना अॅडव्हायजर आवाज खाली आणून सांगतो, "दादा, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमच्याकडं नापास धरतेत." जगातील कोणत्याही परीक्षेत नव्वद टक्क्यांना नापास करीत नाहीत, पण मालकाला त्या पोराचे हप्ते, त्याची पल्सर आणि त्याचा नापास चेहरा दिसतो आणि तो दहा देतो. याप्रमाणे ज्या तक्रारीचे निवारण झाले नाही तिचे निवारण उत्कृष्ट झाल्याची नोंद स्वतः तक्रारदारच करून देतो.

ब्रेकचे प्रकरण याहून गंभीर आहे, आणि तेथे विनोदाला थोडे आवरते घ्यावे लागते. बहुतेक मोटारींत पुढे डिस्क व पॅड आणि मागे ड्रम व लायनर असतात. पॅड म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या वड्या. त्या झिजत आल्या की अनेक गाड्यांत एक छोटी लोखंडी पट्टी मुद्दाम तबकडीला घासून किंचाळेल अशी योजना केलेली असते, म्हणजे निर्मात्याने स्वतः खर्च करून बसवलेली ही तक्रार आहे, आणि तीसुद्धा कधी कधी नॉर्मल ठरवली जाते. दुसरी बाब ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाटात सारखा ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीत ऑइलची वाफ झाली की पेडल पायाखालून ओल्या चिखलासारखे खचते. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने ड्रायव्हर सांगतात. घाट उतरल्यावर पावसाळ्यात पुढे फरशी पूल, म्हणजे ओढ्याचे पाणी वरून वाहू देणारा बुटका पूल लागला, तर ड्रममध्ये पाणी शिरून काही अंतर मागचे ब्रेक नावापुरतेच उरतात. शोरूमच्या माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळ असते, परंतु ते पुस्तक प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेर काढलेले सहसा आढळत नाही.

शोरूममधून निराश झालेली गाडी अखेरीस लिंबाखाली येते. प्रत्येक तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या मागे किंवा पेट्रोल पंपाशेजारी एक कडुलिंब असतो आणि त्याच्याखाली एक फिटर असतो, ज्याला वयाने लहान असला तरी सर्वजण वस्ताद म्हणतात. येथे टोकन नाही, बसायला सोफा नाही, ट्रकच्या जुन्या टायरवर फळी आहे. वस्ताद गाडीकडे न पाहता आधी मालकाचे ऐकून घेतो. कुटकुट की कटकट हे तो विचारतो. मग जमिनीवर पोते अंथरून तो गाडीखाली सरकतो, बाहेर फक्त त्याचे तळपाय उरतात, आणि लोअर आर्म व चेसिस यांच्या फटीत टामी घालून, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्याचे टोक अडकवून, एकदा हलकेच उचकतो. टक्. सहा महिने जो आवाज कोणाला सापडला नाही तो एका उचकीत, भर दुपारी, चार रिकामटेकड्या साक्षीदारांसमक्ष निघतो. "बुश फाटलाय गुरुजी. अन् लिंक रॉडबी गेलाय."

"शोरूमवाले तर काहीच नाही म्हणाले, वस्ताद."

"त्यांच्याकडं कॉम्प्युटर हाय. कॉम्प्युटरला खड्डा कुठं लागतो?"

तासाभरात काम होते. मात्र वस्तादकडे बिल नाही. फार तर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर तीन आकडे आणि त्यांची बेरीज मिळते, आणि ज्याला ऐकू येते त्याच्याजवळ कागद नाही व ज्याच्याजवळ कागद आहे त्याला ऐकू येत नाही, अशी या क्षेत्रातील श्रमविभागणी आहे.

ती श्रमविभागणी खरी बोचते ग्राहक आयोगात. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्याला घेतली असली तरी केजच्या माणसाला बीडच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही, आणि मुदत मात्र दोन वर्षांची. कायदा वस्तूतील 'दोष' आणि सेवेतील 'त्रुटी' असा भेद करतो. बुश मुळात कच्चा असेल तर तो दोष, आणि तो फाटला असताना नॉर्मल म्हटले असेल तर ती त्रुटी. दोष परीक्षणाशिवाय ठरवता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, अशीही तरतूद आहे. साबण किंवा तूर असेल तर बाटलीत घालून नमुना पाठवता येतो. आवाज कशात घालून पाठवावा हे कायद्यात दिलेले नाही. पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही मोटारींच्या परीक्षणाची संस्था आहे, पण तेथवर जाणारा रस्ता चांगला असल्याने वाटेत आवाज जाण्याचा संभव जमेस धरावा लागतो. शिवाय संपूर्ण गाडी बदलून मिळावी या मागणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केले आहे, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी असेल तर तेवढ्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा वकील पहिल्याच भेटीत अशिलास सांगतो, की जुना पार्ट टाकू नका. तो पुरावा आहे.

ही सूचना बीड जिल्ह्यातील ग्राहक कसोशीने पाळतात. वस्तादने काढलेला फाटका बुश आणि वाकलेला लिंक रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून डिकीत ठेवला जातो. तक्रार दाखल करण्याचा विचार दिवाळीनंतरवर, मग लग्नसराईनंतरवर, मग पेरण्या झाल्यावर जातो, वर्तमानपत्र विरते, सुतळी सुटते आणि पुरावा डिकीत मोकळा फिरू लागतो. पुढच्या सर्व्हिसला मालक मागून गडगड येत असल्याची तक्रार देतो. नेहमीप्रमाणे ट्रायल होते, आणि बाह्यवळणाच्या त्याच गुळगुळीत रस्त्यावर या वेळी अॅडव्हायजरलाही आवाज स्वच्छ ऐकू येतो. तो गाडी बाजूला घेतो, डिकी उघडतो, लिंक रॉड हातात घेऊन उलटसुलट पाहतो, बुशाच्या फाटीत नख घालतो, आणि आपल्या टॅबलेटवर नोंद करतो : 'तक्रार : मागून आवाज. कारण : ग्राहकाचे सामान. सस्पेन्शन नॉर्मल. प्रकरण बंद.'